लॅपटॉपच्या स्पीकरची जाळी : निगा आणि सफाई

(शेतकरी प्रशिक्षण वर्गात कृषिविद्या विषयाच्या व्याख्यात्यांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)

कृषिविद्या शिकविणाऱ्या व्यक्तीने तण, पाणी आणि खते सोडून लॅपटॉपच्या स्पीकरवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु शेतीविषयक सल्ला आपल्यापर्यंत पोहोचण्याची वाट गेल्या काही वर्षांत बदलली आहे. २०२० च्या टाळेबंदीत कृषी विद्यापीठांची व कृषी विज्ञान केंद्रांची अनेक प्रशिक्षणे संगणकाच्या पडद्यावरून सुरू झाली आणि ती पद्धत नंतरही टिकली. गावातील शेतकरी उत्पादक कंपनीचे कार्यालय, दूध संकलन केंद्र, कृषी सेवा केंद्र, कुक्कुटपालनाची शेड, अशा ठिकाणी आज लॅपटॉप दिसतो. घरात मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला लॅपटॉप संध्याकाळी वडिलांच्या द्राक्षबागेच्या चर्चासत्रासाठी उघडला जातो. म्हणजेच लॅपटॉप हे आता शेतीचे एक अवजार झाले आहे.

अवजार म्हटले की त्याची निगा ओघाने आलीच. फवारणी पंपाचा नोझल आपण धुऊन ठेवतो. ठिबक संचाची गाळणी उघडून साफ करतो. विळ्याला धार लावतो. लॅपटॉपच्या स्पीकरवरील बारीक जाळीकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. आवाज दबका येऊ लागला की आपण आवाज वाढवितो आणि वेळ मारून नेतो. ही सवय नुकसानीची आहे. ती का, हे आधी पाहू आणि नंतर सफाईची रीत समजून घेऊ.

आवाजापेक्षा आकडा महत्त्वाचा

येथे एक छोटी चाचणी करू. या टेबलावर लॅपटॉप आहे. त्यात माझ्याच आवाजात मुद्रित केलेले दहा आकडे मी वाजविते. आपण ते वहीत लिहून घ्या. त्यानंतर स्पीकरच्या जाळीवर चार घड्यांचा सुती रुमाल ठेवून तेच आकडे वेगळ्या क्रमाने वाजविते. तेही लिहा.

(रुमाल ठेवल्यानंतर 'सात' आणि 'साठ', 'वीस' आणि 'तीस', 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' या जोड्यांमध्ये अनेक श्रोत्यांची गल्लत झाली.)

आवाज तर ऐकू येत होता. मग चूक कोठे झाली? माणसाच्या बोलण्यात जाडे आणि बारीक असे दोन्ही प्रकारचे स्वर असतात. अ, आ, ओ यांसारख्या स्वरांचा जोर प्रामुख्याने जाड्या आवाजात असतो. त्यामुळे कोणीतरी बोलत आहे हे आपल्याला लगेच कळते. परंतु स, श, च, ट, ठ या व्यंजनांची ओळख पटविणारा भाग बारीक आवाजात, मोठ्या अंशी २००० हर्ट्‌झच्या वर असतो. तोंडावर उपरणे धरून बोलले तर गलका पोहोचतो, पण शब्दांची धार जाते. जाळीत साचलेली धूळ नेमके हेच करते. ती आधी बारीक आवाज खाते.

त्यात भर म्हणजे जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीवर मुळातच ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा पाठविला जात असे. आज काही ठिकाणी याहून रुंद पट्टा मिळतो, पण रेंज कमी असली की आवाज पुन्हा दबतो. अशा आधीच कापलेल्या आवाजाची उरलीसुरली धार तुंबलेल्या जाळीने गेली, तर आकडा अंदाजानेच लिहिला जातो.

आता विचार करा. सल्ला देणाऱ्याने १० लिटर पाण्यास ७ मिली औषध सांगितले आणि आपण ६० मिली लिहून घेतले, तर मात्रा सुमारे साडेआठ पट होते. तणनाशक असेल तर पीक जळेल. कीटकनाशक असेल तर पैसा वाया जाईलच, शिवाय फवारणाऱ्याच्या जिवाला धोका होईल. म्हणून आजच्या विषयातील पहिली शिफारस सफाईची नाही. ती अशी की, औषधाची मात्रा केवळ कानाने ऐकून कधीही वापरू नये. ती लेखी मागावी आणि डब्यावरील लेबल व सोबतच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावी. जाळी स्वच्छ असली तरीही हा नियम सोडू नये.

स्पीकरची रचना

कोणतेही यंत्र साफ करण्यापूर्वी ते कसे चालते हे माहीत असावे. स्पीकरमध्ये एक कायम लोहचुंबक, त्याच्या खाचेत बारीक तारेचे वेटोळे आणि वेटोळ्याला जोडलेला एक पातळ पडदा असतो. वेटोळ्यातून आवाजाच्या चढउताराप्रमाणे वीज जाते. त्यामुळे ते पुढेमागे हलते, पडदा हवा ढकलतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. अमेरिकेतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये या धर्तीचा स्पीकर पुढे आणला. लॅपटॉपमधील स्पीकर त्याच तत्त्वावर चालतो, फक्त आकाराने फार लहान असतो. पडद्याची कड कागदासारखी नाजूक असते. तिला टाचणी लागली तर ती फाटते आणि मग कितीही सफाई केली तरी खरखर जात नाही.

या पडद्यावर संरक्षणासाठी जाळी बसविलेली असते. जाळीची भोके साधारणपणे अर्धा ते एक मिलिमीटर असतात. पुष्कळ लॅपटॉपमध्ये तिच्यामागे बारीक विणीचे कापडही असते.

लॅपटॉपच्या तळाला किंवा मागील कडेला आणखी एक जाळी असते. ती आतील पंख्याच्या हवेसाठी असते. स्पीकरच्या जाळ्या बहुधा जोडीने, डावीकडे व उजवीकडे असतात. काही लॅपटॉपमध्ये त्या कळफलकाच्या दोन्ही बाजूंना, तर पुष्कळ लॅपटॉपमध्ये तळाच्या पुढील कडेला असतात. सफाईपूर्वी एखादे गाणे लावून जाळीजवळ हात धरावा. आवाज कोठून येतो ते लगेच समजते. ही ओळख पटविल्याशिवाय काम सुरू करू नये.

जाळी तुंबते कशी?

मृदाशास्त्राप्रमाणे चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षा लहान, पोयट्याचा ०.००२ ते ०.०२ मिलिमीटर आणि बारीक वाळूचा ०.०२ ते ०.२ मिलिमीटर असतो. म्हणजे यांतील कोणताही कण अर्ध्या मिलिमीटरच्या भोकातून सहज आत जाऊ शकतो. मग जाळी तुंबते कशामुळे? त्याचे उत्तर तंतूंमध्ये आहे.

कापसाचा धागा २५ ते ३० मिलिमीटर लांब, पण जाडीने ०.०२ मिलिमीटरच्या आसपास असतो. तो भोकातून सरळ आत न जाता दोन-चार भोकांवर आडवा पडतो. गोणपाटाचे तूस, गोधडीचा कापूस, कडबाकुट्टीचा भुसा आणि सोयाबीनच्या शेंगांवरील लव यांचेही तसेच होते. अशा धाग्यांचा एक थर बसला की त्यावर माती अडकते. मातीवर हाताचा घाम आणि स्वयंपाकघरातील तेलकट वाफ बसली की त्याची खपली बनते. ठिबकच्या गाळणीत आधी शेवाळाचे तंतू अडकतात आणि मग त्यावर गाळ बसतो, तोच हा प्रकार आहे.

आपल्या राज्यात भागाप्रमाणे धुळीचा प्रकारही बदलतो. कापूस पट्ट्यात रुईचे तंतू मुख्य असतात. सोयाबीन, तूर आणि बाजरीच्या मळणीत भुशाची व लवेची बारीक धूळ उडते. हळदीच्या भागात पॉलिशच्या वेळी पिवळी पूड सर्वत्र बसते. पिठाची गिरणी शेजारी असेल तर पिठाला दमटपणा लागून जाळीवर लेप तयार होतो. कुक्कुटपालन शेडमध्ये पिसांचा चुरा व गादीची धूळ असते. कोकणातील दमट, खारी हवा धुळीला घट्ट चिकटविते आणि धातूची जाळी गंजविते. कृषी सेवा केंद्रात युरियाची भुकटी उडते. ती हवेतील ओल ओढून घेते, त्यामुळे तेथील धूळ कोरडी राहत नाही.

काळ्या मातीचा एक विशेष सांगितला पाहिजे. दख्खनच्या पठारावरील आपली काळी जमीन बेसॉल्ट खडकापासून तयार झाली आहे. त्या खडकात मॅग्नेटाइट हे लोहचुंबकाला चिकटणारे खनिज असते. कोरड्या मातीत कागदात गुंडाळलेला लोहचुंबक फिरवून पाहा. कागदाला काळे, चमकदार कण चिकटतील. स्पीकरमध्ये कायम लोहचुंबक असतो, हे आपण आताच पाहिले. म्हणून असे कण जाळीजवळ आले की तेथेच धरून ठेवले जातात आणि नुसत्या फुंकरीने सुटत नाहीत. वेल्डिंग व ग्राइंडिंगच्या ठिकाणचा लोखंडी कीस तर याहून वाईट. ट्रॅक्टर दुरुस्ती चालू असताना लॅपटॉप त्या आवारात उघडू नये.

आधी निदान, मग उपाय

पिवळे पान दिसले की लगेच नत्र टाकायचे नसते. पाणी साचले आहे का, मूळ कुजले आहे का, हे आधी पाहावे लागते. येथेही तसेच आहे. पुढील क्रमाने तपासणी करावी.

१. लॅपटॉप कशावर ठेवला आहे ते पाहावे. जाळी तळाला असेल आणि लॅपटॉप गोधडीवर, घोंगडीवर किंवा मांडीवर असेल, तर आवाज दबणारच. तो लाकडी पाटावर किंवा टेबलावर ठेवून पुन्हा ऐकावे. दबक्या आवाजाच्या काही तक्रारी येथेच मिटतात.

२. कानात घालावयाचे इअरफोन जोडून तोच आवाज ऐकावा. इअरफोनमध्येही आवाज दबका असेल, तर दोष पलीकडील माणसाच्या माइकमध्ये, रेंजमध्ये किंवा मुद्रणात आहे. इअरफोनमध्ये स्पष्ट आणि स्पीकरवर दबका असेल, तर दोष स्पीकरमध्ये किंवा जाळीत आहे.

३. आवाजाच्या सेटिंगमध्ये डावा-उजवा तोल बदलून एका वेळी एकच स्पीकर वाजवावा. दोन्हींत फरक आढळला तर दबक्या बाजूची जाळी बॅटरीच्या तिरप्या उजेडात पाहावी. भरलेली भोके लगेच दिसतात.

४. दबका आवाज आणि खरखरणारा आवाज यांत फरक करावा. दबका आवाज बहुधा जाळी तुंबल्याचे लक्षण असते. जाड्या आवाजावर फरफर किंवा खरखर होत असेल, तर कण पडद्यावर पोहोचला आहे किंवा पडद्याची कड फाटली आहे. अशा वेळी बाहेरून केलेल्या सफाईने फारसा उपयोग होत नाही.

सफाईचे साहित्य

साहित्य साधे आहे. रंगकामाचा अर्धा ते एक इंची, मऊ केसांचा नवा ब्रश किंवा मऊ केसांचा नवा, कोरडा दात घासण्याचा ब्रश. रंगारी वापरतात ती कागदी मास्किंग टेप. कॅमेरा व घड्याळ दुरुस्तीवाल्यांकडे असतो तसा हवा मारण्याचा रबरी फुगा. चष्मा पुसण्याचे, तंतू न सोडणारे कापड. तेलकट मळासाठी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही थोडेसेच. आणि तोंडाला बांधण्यास मास्क किंवा रुमाल. एकदा वापरलेला ब्रश इतर कामास घेऊ नये.

सफाईची कृती

ठिबकची गाळणी साफ करताना आपण पाणी उलट्या दिशेने सोडतो, म्हणजे घाण ज्या बाजूने आली त्याच बाजूने बाहेर पडते. जाळीच्या सफाईचे सारे तत्त्व एवढ्यात आले. घाण आत ढकलावयाची नाही, बाहेर काढावयाची. म्हणून प्रत्येक पायरीला जाळीचे तोंड खाली किंवा निदान आडवे राहील असे पाहावे. सुटलेला कण स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे.

पहिली पायरी : तयारी. लॅपटॉप पूर्ण बंद करावा. केवळ झाकण मिटवून भागत नाही. चार्जर काढावा. थंड होऊ द्यावा. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. खळ्यापासून दूर, वारा नसलेल्या व भरपूर उजेडाच्या जागी बसावे.

दुसरी पायरी : कोरडा ब्रश. जाळी तळाला असेल तर लॅपटॉप एका हाताने उचलून जाळी खाली करावी. कळफलकाशेजारी असेल तर झाकण उघडून लॅपटॉप कुशीवर उभा धरावा. ब्रशाचे केस जाळीवर हलके टेकवून एकाच दिशेने, मधून कडेकडे फिरवावेत. दाब देऊ नये. गोल गोल घासू नये, कारण त्याने तंतू भोकात वळले जातात. प्रत्येक दोन-चार फेऱ्यांनंतर ब्रश झटकावा.

तिसरी पायरी : मास्किंग टेप. दोन इंच टेप कापून जाळीवर ठेवावी, बोटाने हलके थोपटावे आणि सरळ वर उचलावी. टेपवर धूळ आलेली दिसेल. दर वेळी नवा तुकडा घ्यावा आणि टेप स्वच्छ निघेपर्यंत हे करावे. काळ्या मातीतील चुंबकीय कण ब्रशापेक्षा टेपने चांगले निघतात. खोकी बंद करण्याची तपकिरी टेप वापरू नये. तिचा डिंक जाळीवर राहतो आणि पुढची धूळ पकडतो.

चौथी पायरी : हलकी हवा. रबरी फुग्याने वीतभर अंतरावरून, तिरप्या दिशेने, थोडी थोडी हवा मारावी. भोकावर सरळ हवा मारू नये. घरी व्हॅक्युम क्लीनर असल्यास त्याचा ब्रशाचा तोंडवळा लावून, सर्वांत कमी वेगावर, जाळीपासून दोन बोटे दूर धरावा.

पाचवी पायरी : तेलकट मळ. खपली अद्याप राहिली असेल तरच ही पायरी करावी. अल्कोहोलचे दोन-तीन थेंब कापडावर घ्यावेत, जाळीवर कधीही टाकू नयेत. कापड पिळल्यावर थेंब पडता कामा नये. वरवर पुसून लगेच कोरडी टेप लावावी. त्यानंतर अर्धा तास लॅपटॉप उघडा ठेवून पूर्ण वाळू द्यावा. जवळ चूल, विडी किंवा निरांजन असू नये, कारण अल्कोहोल पेट घेते.

सहावी पायरी : तपासणी. आपल्याच आवाजात मुद्रित केलेले आकडे पुन्हा वाजवावेत. सात-साठ, वीस-तीस ही जोडी घरातील दुसऱ्या माणसाला ऐकवून लिहावयास सांगावी. त्याने बरोबर लिहिली तर सफाई झाली. ही आकड्यांची फीत लॅपटॉपमध्ये कायम ठेवावी.

काय करू नये?

सफाईच्या नादात झालेले नुकसान धुळीच्या नुकसानीपेक्षा मोठे असू शकते. म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात.

टाचणी, सुई, सेफ्टी पिन किंवा काडी भोकात घालू नये. तंतू निघत नाहीत, पडदा मात्र फाटतो.

पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरची हवा मारू नये. ठिबकची तोटी साधारण एक किलो दाबावर चालते. कॉम्प्रेसरच्या टाकीत तो सहा ते आठ किलोपर्यंत असतो, शिवाय त्या हवेत पाणी व तेलाचे तुषार असतात. अशा झोताने धूळ थेट पडद्यावर जाते. पंख्याच्या जाळीवर हा झोत मारल्यास पंखा वेडावाकडा फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते.

तोंडाने फुंकर मारू नये. फुंकरीबरोबर लाळेची ओल जाते आणि मातीचा चिखल होतो.

रॉकेल, पेट्रोल, थिनर, तेल, गंजरोधक फवारा किंवा साबणाचे पाणी वापरू नये. यांतील काही प्लास्टिक व डिंक विरघळवितात, तर काहींचा चिकट थर मागे राहतो.

आवाज वाढविणारी जादा सॉफ्टवेअर टाकून तुंबलेल्या स्पीकरकडून जबरदस्तीने काम घेऊ नये. वेटोळे तापते, पडदा मर्यादेबाहेर हलतो आणि आवाज आणखी फाटतो.

लॅपटॉप वॉरंटीत असेल तर तळाचे स्क्रू स्वतः काढू नयेत. आत बॅटरी असते. तळ फुगलेला दिसला तर जाळीचा विचार सोडून, लॅपटॉप चार्ज न करता, दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावा.

मोबाइलसंबंधी थोडेसे

तत्त्व तेच आहे. मोबाइलमध्ये तीन जागा ओळखाव्यात. खालच्या कडेचा मोठा स्पीकर, पडद्याच्या वरच्या कडेची कानाजवळची फट आणि माइकचे बारीक भोक. पलीकडच्यास आपला आवाज जात नसेल तर बहुधा माइकच्या भोकात धूळ असते. सिमकार्ड काढण्याची पिन चुकून या भोकात घालू नये. दोन्ही भोके दिसावयास सारखीच असतात.

फवारणीच्या दिवशी विशेष काळजी घ्यावी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजुरांचे बळी गेले, हे आपण विसरलेलो नाही. औषधाचे हात मोबाइलला लागले की ते औषध जाळीत, आणि तेथून गालाला व कानाला लागते. म्हणून फवारणी चालू असताना मोबाइल लांब, पिशवीत ठेवावा. हात साबणाने धुतल्याशिवाय तो हातात घेऊ नये. औषध लागल्याची शंका असलेला मोबाइल किंवा लॅपटॉप साफ करताना हातमोजे घालावेत, हवा मारू नये, टेप व ओलसर कापडच वापरावे. ते कापड व टेप मुलांच्या आणि जनावरांच्या हाती लागणार नाही अशी दूर करावी.

प्रतिबंध हाच सोपा उपाय

खोली झाडण्यापूर्वी झाकण मिटवावे आणि झाडल्यावर धूळ खाली बसेपर्यंत ते उघडू नये. काम संपल्यावर लॅपटॉप घट्ट विणीच्या कापडी पिशवीत ठेवावा. टॉवेल किंवा गोधडीत गुंडाळू नये, कारण तंतूंचा उगम तेथेच असतो. चालू लॅपटॉपवर प्लास्टिक झाकू नये, उष्णता कोंडते. मळणी, कापूस वेचणी, हळद पॉलिश व कडबाकुट्टी यांच्या दिवसांत आठवड्यातून एकदा फक्त कोरडा ब्रश फिरवावा. एरवी महिन्यातून एकदा पुरे. टेप व अल्कोहोल गरजेपुरतेच वापरावे.

श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न

प्रश्न : टेपऐवजी कणकेचा गोळा चालेल का?
उत्तर : चालणार नाही. कणकेत पाणी असते. ती भोकात अडकते, वाळून दगडासारखी होते आणि मुंग्यांना बोलावते. बाजारात मिळणारा चिकट जेलही उन्हाळ्यात पातळ होऊन भोकात राहू शकतो.

प्रश्न : उन्हात वाळवून धूळ सुटेल का?
उत्तर : नाही. उन्हाने बॅटरीचे आयुष्य घटते आणि डिंक सैल होतो. सावलीतच वाळवावे.

प्रश्न : पावसात भिजलेला मोबाइल तांदळात ठेवतात. लॅपटॉपही ठेवावा का?
उत्तर : दोन्ही ठेवू नयेत. तांदळाचा कोंडा व बारीक चुरा भोकांत जातो. ॲपल कंपनीनेही आपल्या ग्राहकांना तांदळात फोन ठेवू नका असे सांगितले आहे. लॅपटॉप भिजल्यास तत्काळ बंद करावा, चार्जर काढावा आणि चालू करून न पाहता दुरुस्ती करणाऱ्यास दाखवावा.

प्रश्न : विशिष्ट सूर वाजवून स्पीकर साफ करणारी ॲप असतात. ती उपयोगी आहेत का?
उत्तर : ती पद्धत स्पीकरमधील पाणी उडविण्यासाठी आहे. तंतू आणि मातीची खपली सुराने निघत नाही. ब्रश व टेपच वापरावी.

प्रश्न : सगळे करूनही आवाज खरखरतो. पुढे काय?
उत्तर : मग दोष पडद्याचा समजावा. स्पीकरचा भाग स्वतंत्रपणे बदलता येतो, पूर्ण लॅपटॉप बदलण्याची घाई करू नये. तोपर्यंत इअरफोन किंवा बाहेरून जोडावयाचा छोटा स्पीकर वापरावा. महत्त्वाचे आकडे मात्र लेखीच घ्यावेत.

सारांश

जाळीतील धूळ आवाज कमी करण्यापूर्वी शब्दांची धार घालविते. शेतीत शब्दाची चूक म्हणजे मात्रेची, तारखेची किंवा भावाची चूक. आधी इअरफोन लावून निदान करावे. लॅपटॉप बंद करून, जाळी खाली धरून, प्रथम ब्रश, मग टेप, मग हलकी हवा आणि शेवटी गरज असेल तरच ओलसर कापड, या क्रमाने सफाई करावी. टाचणी, कॉम्प्रेसर आणि फुंकर टाळावी. आणि ऐकलेला आकडा कागदावर आल्याशिवाय पंपात घालू नये.

येथून घरी गेल्यावर आपला लॅपटॉप उलटा करून जाळी एकदा उजेडात पाहावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.